उद्यापन नसलेला नेम

हळदीकुंकवाचे ब्लाउजपीस कपाटात साठत जातात ना, तसे किस्से साठतात. आपण मागायला जात नाही, ते आपले ओटीत येऊन पडतात, आणि एक दिवस कपाटाचं दार लागेनासं होतं. मग एकच उपाय. आलेल्या माणसाला कुंकू लावायचं आणि त्यातला एकेक त्याच्या ओटीत घालायचा. तेव्हा बसा निवांत, हे आता तुमचे.

सगळे किस्से आमच्या मंगळवारच्या भजनी मंडळाचे आहेत. कोलकात्यात मराठी माणसं थोडी, त्यामुळे मंडळ म्हणायला मंडळ, आहोत चौघी. ह्यांच्या बँकेच्या बदलीमुळे इथे आलेली मी, वैजयंती, म्हणजे सगळ्यांची वैजू. दुसऱ्या सुलभाताई, त्यांचे मिस्टर केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त होऊन इथेच राहिले. तिसरी भावना, आयटीतली, आमच्यात सगळ्यात लहान. आणि चौथ्या नलिनीमावशी, आमच्या मंडळाच्या पीठाधीश. हावड्याच्या कारखान्यात यजमानांची नोकरी, म्हणून चाळीसेक वर्षांपूर्वी बागबाजारात राहायला आल्या. यजमान गेले, मुलगी पुण्याला दिली, मावशी मात्र तिथेच आहेत. श्रावणातल्या सगळ्या कहाण्या त्यांना तोंडपाठ. आम्ही बाकीच्या पुस्तकात बघून वाचतो, मावशी तांदूळ हातात घेऊन डोळे मिटतात आणि सुरू करतात.

निदान पूर्वी तरी सुरू करायच्या.

*

सुरुवात झाली ती ज्येष्ठातल्या एका मंगळवारी. भजन माझ्याकडे होतं. मावशी श्यामबाजारहून मेट्रोने यायच्या आणि मी त्यांना न्यायला आमच्या स्टेशनवर जायचे, असं ठरलेलं. मी निघते आहे तेवढ्यात त्यांचा फोन.

"वैजू, मी एस्प्लनेडला उतरलेय. आता उभी आहे. मी कुठे निघाले होते ग?"

मला वाटलं चेष्टा आहे. म्हटलं, "माझ्याकडे, मावशी. मंगळवार ना आज."

"हो का? बरं झालं फोन केला. मग तू पोळ्या करू नकोस हं, मी आणल्यात."

आम्ही नंतर त्या पोळ्या खाल्ल्या, हसलोही. पण मावशी हसल्या नाहीत. ताट पुढे घेऊन म्हणाल्या, "माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. शेवटी मला म्हणायची, बाई, तुम्ही कुणाकडच्या?"

*

मावशींच्या मुलीने, अनघाने, पुण्याहून फोनवर फोन केले आणि मी मावशींना डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर सेनगुप्ता वयाने तरुण, बोलणं मऊ. हिंदी आणि बंगाली मिसळून बोलतात, मी तुम्हाला आपली मराठीतच सांगते. मावशींना ते पहिल्या भेटीपासून 'माशिमा', म्हणजे मावशीच, म्हणायला लागले.

"माशिमा, मी तीन शब्द सांगतो, लक्षात ठेवायचे. लिंबू, छत्री, हत्ती. थोड्या वेळाने विचारेन."

मग त्यांनी ब्लडप्रेशर बघितलं, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, झोप किती, घरी कोण असतं, हे सगळं विचारलं. आणि मग तीन शब्द विचारले.

मावशी म्हणाल्या, "हत्ती."

आणि थांबल्या. पुष्कळ वेळ थांबल्या. शेवटी साडीचा पदर सारखा करून म्हणाल्या, "डॉक्टर, बाकीचे दोघं हत्तीच्या मागे लपले."

डॉक्टर हसले, पण त्यांनी सांगायचं ते सांगितलं. तीन शब्दांनी सगळं ठरत नाही. अजून त्याला आजाराचं नाव द्यायची वेळ आलेली नाही. पण ब्लडप्रेशर वाढलेलं आहे, ऐकू कमी येतंय, साखर काठावर आहे, झोप नाही, आणि दिवसच्या दिवस बोलायला कुणी नाही. ह्या सगळ्याचा भार मेंदूवर पडतो. "मी हमी देत नाही, माशिमा. पण जे आपल्या हातात आहे, ते तरी करू या."

तिकडे अनघाने निर्णय दिला. मार्गशीर्षात ती येणार, तोवर बघायचं, नाहीतर आईला पुण्याला घेऊन जाणार. तिचंही चूक नव्हतं. लांब राहून रोज काळजी करायची, ते सोपं नसतं. पण मावशींचा गंगेचा घाट इथे, तुळस इथे, जन्मभराचे शेजारी इथे. पुण्यात मुलगी-जावई दिवसभर ऑफिसात, म्हणजे बाराव्या मजल्यावर पुन्हा एकट्याच.

परतताना टॅक्सीत बसलो. मावशी हळूच म्हणाल्या, "वैजू, ते दुसरे दोन कोणते होते ग?"

मी सांगितलं, "लिंबू आणि छत्री."

"लिंबू आणि छत्री," त्या म्हणाल्या, आणि बाहेर बघत राहिल्या.

*

पुढच्या मंगळवारी भजन झालं नाही, सभाच झाली. डॉक्टरांनी सांगितलेलं मी एकेक करून सांगितलं. चालायचं, गोळी चुकवायची नाही, कानाला यंत्र लावायचं, खाण्यावर लक्ष, वेळेवर झोप, माणसांत राहायचं आणि नवीन काहीतरी शिकायचं.

सुलभाताईंनी टाळ खाली ठेवले. "अग, हे तर चातुर्मासाचे नेम आहेत! आषाढी आलीच आहे. देवापुढे पाणी सोडून घेऊन टाकू."

मावशींचा चेहरा एकदम उजळला. डॉक्टरांचा सल्ला म्हटलं की मावशी त्यातून वाट काढणार, हे मला ठाऊक होतं. पण घेतलेला नेम मोडायचा नाही, हे त्यांच्या हाडात आहे.

भावना म्हणाली, "पण मी कशाला? मला अजून पस्तीस पण नाहीत."

"मुरांबा कधी घालतात?" मावशींनी विचारलं.

"उन्हाळ्यात."

"आणि खातात कधी?"

भावनाने नेम घेतला.

*

भावनाचा नेम झोपेचा. रात्री अंथरुणात फोन घ्यायचा नाही. सांगायला सोपं. दोन दिवसांत ती रडकुंडीला आली, फोन उशाखालून हाक मारतो म्हणाली. मावशींनी तोडगा दिला, "देवघरात ठेव. झोपून उठलं की आपण पारोशी. अंघोळीशिवाय देवघराला हात लावायचा नाही. आपोआप सुटेल."

तसं केलं. फोन गणपतीच्या शेजारी. पण एक गोष्ट दोघींच्याही लक्षात आली नाही. सकाळचा अलार्म फोनातच होता!

तर सकाळी देवघरात अलार्म वाजतोय, आणि दोघं नवरा-बायको पारोसे, दारात उभे. शेवटी नवरा पळत जाऊन अंघोळ करून आला आणि अलार्म बंद केला. हे रोज होऊ लागलं. भावनाच्या सासूबाईंना नाशिकला ही बातमी कळली तेव्हा त्या म्हणाल्या, "तो शाळेत असल्यापासून मी जे करू शकले नाही, ते गजाननाने आठवड्यात केलं. फोन तिथेच राहू दे."

*

आता माझं सांगते, नाहीतर म्हणाल स्वतःचं झाकून ठेवलं.

मी उपासाची बाई. सोमवार, चतुर्थी, एकादशी, शिवाय श्रावणातले शनिवार. डॉक्टरांकडे मावशींबरोबर गेले असताना त्यांनी माझीही साखर बघितली आणि म्हणाले, वहिनी, तुमचीही वाढतेय. मी जरा ताठ मानेने सांगितलं, "डॉक्टर, मी इतके उपास करते."

"वा. उपासाला काय खाता?"

मी सांगितलं. साबुदाण्याची खिचडी, त्यात दाण्याचं कूट सढळ, वर तूप. बटाट्याची भाजी. संध्याकाळी वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. मधे रताळ्याचा कीस, साखर घालून. आणि चहा, तो काही मोजत नाही.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. फार नम्रपणे विचारलं, "मग कमी कोणत्या दिवशी खाता?"

तेव्हापासून माझ्या उपासाला फळं, ताक, राजगिऱ्याची भाकरी आणि भोपळ्याची भाजी. पहिल्या एकादशीला ह्यांनी ताटाकडे बघितलं आणि म्हणाले, "आज खरंच उपास आहे का?"

*

मावशींचा नेम चालण्याचा. बागबाजारचा घाट त्यांच्या घरापासून जवळ. सकाळी घाटाच्या कडेकडेने जायचं, सोबतीला सुलभाताई. डॉक्टरांनी चालण्याचं माप फार छान सांगितलं होतं. बोलता येईल, पण गाता येणार नाही, इतकं भरभर चालायचं. गाता येत असेल तर समजायचं की आपण फक्त फिरतोय.

आता भजनी मंडळाला हे सांगायचं म्हणजे बघा. सुलभाताईंचा दम जबरदस्त. त्या घाटावर अभंग सुरू करायच्या आणि शेवटच्या चरणापर्यंत न्यायच्या, वर आणखी ताना. घाटावर अंघोळीला आलेले लोक वळून बघायचे. एकाने तर फुलंही दिली.

आठवडाभर मावशींनी सोसलं. मग एका सकाळी थांबून म्हणाल्या, "सुलभा, तू व्यायाम करत नाहीयेस. तू पालखी काढतेयस."

सुलभाताईंनी चाल वाढवली. दुसऱ्या चरणाला धाप लागली. मावशी पुढून ओरडल्या, "आता पावलं देवापर्यंत पोचतायत बघ!"

तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला. अभंग पुरा झाला तर चालणं अपुरं.

*

गोळीचा किस्सा मात्र घाबरवणारा होता. श्रावणात दोनदा मावशींचं ब्लडप्रेशर एकदम वर गेलं. डॉक्टरांना कळेना. गोळी रोज घेता ना? हो. वेळेवर? हो. मीठ? कमी केलंय. डॉक्टर डोकं खाजवत बसले.

मला एकदम तारखा दिसल्या. एक एकादशीनंतरची, एक श्रावणी सोमवारनंतरची. बाहेर आल्यावर मी विचारलं, "मावशी, उपासाला गोळी घेता का?"

"छे ग," मावशी म्हणाल्या. "भावनाने त्या पाकिटावरचं वाचून दाखवलं होतं. गोळीत स्टार्च असतो. म्हणजे धान्यच की."

मी तिथल्या तिथे आमच्या गुरुजींना नागपूरला फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मावशींना फोन द्यायला सांगितलं. "नलिनीताई, औषधाने उपास मोडत नाही, हे शास्त्रात आहे. आणि गोळी न घेतल्याने काय मोडतं, ते डॉक्टरांना विचारा."

आता मावशींच्या देवघरात नैवेद्याच्या वाटीशेजारी ती गोळी असते. पूजा झाली की आधी गोळी, मग तीर्थ. एकदाही चुकलेली नाही. गोळी विसरता येते हो, तीर्थ कोण विसरतं?

*

कानाच्या यंत्राला मावशी सगळ्यात जास्त अडल्या. "कानात मशीन घालून देवापुढे बसू?" खरं दुखणं निराळं होतं. यंत्र लावलं की म्हातारपण कबूल केल्यासारखं होतं.

मी त्यांना डॉक्टरांचंच म्हणणं सांगितलं. ऐकू आलं नाही की माणूस हळूहळू बोलण्यातून बाहेर पडतो, मान डोलावून वेळ मारून नेतो, आणि मेंदूला कामच उरत नाही. मावशींनी सवयीने मान डोलावली. मान डोलावणं त्या कित्येक महिने करत होत्या, ते आम्हालाही आता कळलं.

यंत्र आलं. पण आठवड्याने बघितलं तर सकाळभर ते ड्रॉवरमध्येच! का? तर सकाळी अंघोळ, सोवळं, पूजा, स्वयंपाक. सोवळ्यात यंत्र कसं चालेल? त्याला कुठल्या कुठल्या दुकानातले हात लागलेले. आणि दुपारी मावशी झोपतात. म्हणजे यंत्र ऐकत होतं फक्त संध्याकाळच्या बातम्या.

"शुद्ध करून घेऊ मग," मी म्हटलं. माझं म्हणणं पुरं व्हायच्या आत मावशी उठल्या, देवघरातून गंगाजळाचा गडू घेतला, यंत्र तळहातावर ठेवलं आणि पळी भरली.

भावना किंचाळली, "मावशी, ते वॉटरप्रूफ नाहीये!"

पळी हवेत थांबली. चौघी एकमेकींकडे बघतोय. शेवटी सुलभाताईंनी खिडकीतल्या तुळशीचं एक पान खुडलं आणि अलगद यंत्रावर ठेवलं. तुळशीपत्र ठेवलं की अर्पण झालं, संपला प्रश्न. मावशींनी नमस्कार केला आणि यंत्र कानात घातलं.

त्या मंगळवारी भजनाला बसलो. सुलभाताईंनी पहिला अभंग उचलला. मावशी डोळे मिटून ऐकत होत्या. अर्ध्यावर त्यांनी डोळे उघडले आणि फार मायेने म्हणाल्या, "सुलभा, इतकी वर्षं मला वाटत होतं, माझेच कान खराब आहेत."

*

नवीन काहीतरी शिकायचं, ह्यासाठी मावशींनी बंगाली वाचायला घेतलं. बोलायला त्यांना येतंच, बाजारहाट करताना कुणाला हार जाणार नाहीत. पण अक्षर कधी शिकल्या नव्हत्या. शिकवायला खालच्या मजल्यावरच्या शिखादी, निवृत्त शिक्षिका. त्या दोघींचं नातं मजेशीर आहे. पूर्वी मराठे चाल करून येतील ह्या भीतीने लोकांनी शहराभोवती खंदक खणला, आणि तो सुरू व्हायचा ह्याच बागबाजारात. शिखादी मावशींना पहिल्यापासून चिडवतात, "तुमच्यासाठी एवढा खंदक खणला, आणि तुम्ही आमच्या डोक्यावर येऊन राहिलात."

मावशी म्हणतात, "खंदक बुजवला कुणी? तुम्हीच ना? मग आम्हाला वाटलं, बोलावताय."

रोज दुपारी अक्षरं. झोपेचा वेळ गेला, त्यामुळे रात्रीची झोपही सुधारली. शिखादींनी धडा दिला होता, रस्त्यातल्या पाट्या वाचायच्या. दुर्गापूजेच्या आधी एक दिवस मी त्यांच्याबरोबर होते. गल्लीच्या कोपऱ्यावर मावशी थांबल्या, एका जुन्या पाटीकडे बघत ओठ हलवायला लागल्या. एकेक अक्षर, मग जोडाक्षर, मग अख्खी पाटी. मिठाईचं दुकान. इथे उत्तम संदेश आणि रसगुल्ले मिळतील.

त्या माझ्याकडे वळल्या. डोळ्यांत पाणी होतं आणि हसतही होत्या.

"बघ ना वैजू. चाळीस वर्षं आत जात होते तेव्हा वाचता येत नव्हतं. आता वाचता येतंय तर आत जायची बंदी."

*

आणि मग कार्तिकी एकादशी आली, चातुर्मास संपला, आणि आम्ही जे करायला नको होतं ते अगदी विधिपूर्वक केलं.

नेम संपला की उद्यापन करायचं, ही रीत. आम्ही थाटात केलं. मावशींकडे पूजा, ब्राह्मणभोजनाऐवजी शिखादींच्या घरच्यांना जेवण, पुरणपोळी, कटाची आमटी, सगळं. एकमेकींना वाण दिलं. सुलभाताईंनी मावशींना चालायचे बूट दिले, मावशींनी हळदकुंकू लावून ते कपाटात ठेवून दिले.

झालं. दुसऱ्या दिवसापासून घाट बंद. भावनाचा फोन परत उशाशी. माझी खिचडी परत तुपात. नेम पुरा झाला होता, देवाला दिलेला शब्द पाळला होता, मन कसं शांत होतं.

दोन आठवड्यांनी मावशींचा फोन आला. आवाज बारीक. "वैजू, आज दूध गॅसवर ठेवलं आणि विसरले ग. पातेलं जळलं. शिखादी वास आला म्हणून वर आल्या." मग जरा थांबून, "अनघा पुढच्या महिन्यात येतेय."

आम्ही चौघी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ब्लडप्रेशर बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या. "माशिमा, चालणं?"

"बंद केलं."

"का?"

"उद्यापन झालं ना."

डॉक्टरांना उद्यापन समजावून सांगायला आम्हाला बराच वेळ लागला. चौघी एकदम बोलत होतो. ते शांतपणे ऐकत होते, मग म्हणाले, "म्हणजे देवाशी केलेला करार संपला, त्याची पार्टी?"

"तसंच काहीसं," भावना म्हणाली.

"बरं. तुमच्याकडे असा एखादा नेम आहे का, ज्याचं उद्यापनच नसतं?"

आम्ही बोटांवर मोजायला लागलो. सोळा सोमवारांचं असतं. मंगळागौरीचं असतं. शेवटी सुलभाताई म्हणाल्या, "एकच आहे. संसार."

सगळे हसले. डॉक्टर म्हणाले, मग हा दुसरा समजा.

मावशी हसल्या नाहीत. पर्सची चेन लावत म्हणाल्या, "माझ्या त्या पहिल्याचंही उद्यापन देवाने करून टाकलं. म्हणजे मला आता हाच एक राहिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलभाताई घाटावर पोचल्या तर मावशी आधीच तिथे. पायात हळदकुंकू लागलेले बूट.

*

आता शेवटचा.

मार्गशीर्षात अनघा आली. हावड्याला मी आणि मावशी तिला घ्यायला गेलो, बागबाजार घाटावरून होडीने, मावशींनीच नेलं. कुठे उतरायचं, कुठल्या बाजूने प्लॅटफॉर्म, सगळं त्यांना ठाऊक. अनघाने आईकडे नीट बघितलं, मिठी मारली, पण तिच्या फोनवर परतीची दोन तिकिटं होती. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "वैजूमावशी, मी डॉक्टरांकडे स्वतः येणार. आईने आजीला विसरताना बघितलंय, मी आईला बघू शकणार नाही. लांबून तर नाहीच."

मी तिचा हात धरला. मनात फक्त देवाचं नाव घेतलं.

डॉक्टरांचा दवाखाना एका जुन्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, ओढायच्या जाळीची लिफ्ट. मावशी, अनघा आणि मी आत बसलो. डॉक्टर सुरुवातीलाच म्हणाले, "माशिमा, तीन शब्द. कमळ, किल्ली, होडी. नंतर विचारतो."

मावशींनी मान डोलावली. अनघा खुर्चीच्या टोकावर सरकली.

मग ब्लडप्रेशर. चांगलं. साखर. आटोक्यात. कानाचं यंत्र बघून ते खूश झाले. मावशींनी त्यांना बंगालीत टेबलावरच्या औषधाच्या जाहिरातीची ओळ वाचून दाखवली, तेव्हा तर त्यांनी टाळी वाजवली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. हॉस्पिटलमधून होता, कुणाची तरी प्रकृती बिघडलेली. बोलणं लांबलं. फोन ठेवला आणि त्यांनी भराभर गोळ्या लिहून दिल्या, "छान चाललंय, असंच चालू ठेवा, सहा महिन्यांनी या," असं म्हणून उठले. आम्हीही उठलो.

लिफ्टपाशी आल्यावर अनघा थांबली. 

"त्यांनी ते तीन शब्द विचारलेच नाहीत. मुख्य तेच होतं. आता कळणार कसं? आई, ऐक माझं, चल माझ्याबरोबर. तिकिटं आहेतच."

मावशींनी लिफ्टची घंटा दाबली. लिफ्ट आली, आम्ही आत शिरलो. लिफ्टवाल्याने जाळीला हात घातला, आणि त्याच वेळी डॉक्टर पिशवी घेऊन हॉस्पिटलला जायला बाहेर आले, जिन्याकडे वळले.

मावशींनी जाळी धरली.

"डॉक्टरबाबू!"

ते थबकले.

"कमळ, किल्ली, होडी. विचारायचं विसरलात तुम्ही."

डॉक्टर जिन्याच्या पहिल्या पायरीवर तसेच उभे राहिले.

"आणि ते ज्येष्ठातले राहिले होते. लिंबू, छत्री." मावशींनी जाळीवरचा हात काढला. "हत्ती मी त्याच दिवशी दिला होता."

लिफ्टवाल्याने जाळी ओढली. तळमजल्यावर पोचेपर्यंत अनघाच्या फोनवर एकच तिकीट उरलं होतं.